चमचाभर साखरेचे राखणदार

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्या साऱ्या रक्तात साखर किती असावी? उपाशीपोटी मोजली तर चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकाचा साधारण दीड चमचा झाला तरी डॉक्टर मधुमेह म्हणतात. चमचा अर्ध्यावर आला तर माणूस घामाघूम होतो, थरथरतो, बरळू लागतो. आणि गंमत अशी की एकटा मेंदू दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर खातो. म्हणजे हा चमचा सारखा रिकामा होतो, सारखा भरला जातो आणि तरीही त्याची पातळी फारशी हलत नाही. ही राखण कोण करते, हे कळायला वैद्यकाला शंभर वर्षे लागली. त्या शोधात एका राखणदाराला तर बराच काळ कचरा म्हणून बाजूला ठेवले गेले होते.

रोग आपल्याकडे जुनाच. सुश्रुतसंहितेत त्याचे जन्मजात आणि कुपथ्याने होणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. ही नजर आजही थक्क करते. पण शरीरात बिघडते कुठे, हे समजायला एकोणिसावे शतक यावे लागले. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दाखवले की यकृत साखर साठवून ठेवते आणि गरजेप्रमाणे ती सोडते. यकृत म्हणजे घरातली धान्याची कणगीच म्हणा. १८६९ मध्ये लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटे दिसली. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह झाला. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी त्या बेटांचा अर्क काढला आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला तो टोचला. कॉलिपने शुद्ध केलेल्या अर्काने तो मरणाच्या दारातून परतला. इन्शुलिन सापडले.

इथे आपली शाळेची पुस्तके थांबतात. मला मात्र पुढचीच हकिकत जास्त मोलाची वाटते. त्या काळच्या अर्काने साखर उतरायची खरी, पण उतरण्याआधी ती थोडा वेळ वर चढायची. अनेकांनी याला अर्कातली घाण ठरवले. किंबॉल आणि मर्लिन यांनी १९२३ मध्ये सांगितले की ही घाण नव्हे, हा वेगळाच पदार्थ आहे. त्यांनी त्याला ‘ग्लुकॅगॉन’ हे नाव दिले. पण इन्शुलिनच्या जल्लोषात ते ऐकायला कोणाला सवड होती? पंचवीस वर्षांनी, १९४८ मध्ये, सदरलंड आणि द दूव्ह या पदार्थाचा माग काढत त्याच बेटांतल्या शेजारच्या पेशींपर्यंत, अल्फा पेशींपर्यंत पोचले. १९५३ मध्ये त्याचे शुद्ध स्फटिक मिळाले. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या रॉजर उंगर यांनी तो मोजण्याची पद्धत काढली.

मग चित्र उलगडले. जेवलो की बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. ते स्नायूंची दारे उघडते, यकृताची कणगी भरायला लावते आणि शेजारच्या अल्फा पेशींना ‘आता गप्प बस’ असे सांगते. उपास पडला की इन्शुलिन मागे सरते, ग्लुकॅगॉन पुढे येते आणि यकृताला कणगी उघडायला लावते. मागावर ताण्याचे सूत दोन्हीकडून ओढलेले असते, म्हणून चादर सरळ विणली जाते. एका बाजूची ओढ सुटली की वीण बिघडते. मधुमेहात नेमके हेच होते. इन्शुलिन कमी पडते किंवा शरीर त्याला दाद देत नाही, आणि ग्लुकॅगॉन जेवणानंतरही गप्प बसत नाही. पोट भरलेले असताना यकृत वरून आणखी साखर ओतत राहते.

चढवणारा गडी हा एकटाच नाही. अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांनी मधुमेही कुत्र्यांची पियुषिका ग्रंथी काढली, तर त्यांचा मधुमेह सौम्य झाला. म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथीही साखर चढवत होती. त्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल मिळाले. त्यातले वाढीचे संप्रेरक, शिवाय भीतीचे ॲड्रेनलिन, ताणाचे कॉर्टिसॉल आणि आधीचे ग्लुकॅगॉन असे चौघे साखर चढवणारे. उतरवणारे मुख्य संप्रेरक एकच, इन्शुलिन. आतड्यांतली काही संप्रेरके त्याला मदत करतात. गेल्या काही वर्षांत गाजलेली वजनाची आणि साखरेची नवी इंजेक्शने त्यांच्याच नकला आहेत.

एकाविरुद्ध चार ही वाटणी अशी का? याचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा सोलापूरच्या माणसाला लवकर सुचेल. १८७६-७७ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. आष्टीचा तलाव त्याच दुष्काळी कामांतून उभा राहिला. मजुराची मजुरी रिचर्ड टेंपलने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली होती. १९७२ ची सुकडी आणि लाल मिलो आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून अजून ऐकू येतात. माणसाच्या इतिहासात साखर कमी पडण्याचा धोका रोजचा होता, जास्त होण्याचा क्वचितच. शरीराने पहारेकरी तिकडे जास्त नेमले, असा तर्क आहे. तो सिद्ध करणे अवघड, पण मला पटतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विचाराला एक महत्त्वाची जोड दिली. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे हडकुळी असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघाले. आईच्या पोटातच टंचाई सोसलेले हे शरीर पुढे सुबत्तेत सापडले की इन्शुलिनला लवकर थकवते. किरकोळ अंगाच्या माणसाला साखर कशी झाली, असे आपण विचारतो. त्याचे थोडे उत्तर इथे आहे.

आता उपासाकडे येऊ. आमच्याकडे रमजानचे रोजे, पंढरपूरच्या वाटेवर एकादशी. निरोगी माणसाच्या शरीरात उपासाला शिस्तबद्ध उत्तर मिळते. साखर ८० च्या आसपास उतरली की इन्शुलिन हात आखडता घेते. ७० च्या खाली जाऊ लागली की ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनलिन धावतात, पाठोपाठ बाकीचे दोघे. त्यामुळे सहरीनंतर मगरिबपर्यंत पाण्याचा थेंब न घेताही डोके शाबूत राहते. पण जो इन्शुलिन टोचून घेतो किंवा ते जबरीने सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेतो, त्याच्या शरीराला हात आखडता घेताच येत नाही. शिवाय जुन्या मधुमेहात ग्लुकॅगॉनही वेळेवर धावेनासे होते आणि ॲड्रेनलिनची धोक्याची घंटा मंदावते. घाम नाही, धडधड नाही, माणूस थेट बेशुद्ध. २००१ मध्ये भारतासह तेरा देशांतल्या बारा हजारांवर मधुमेहींची पाहणी झाली. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट वाढलेले दिसले.

कुराणाने आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे. तरी लोक ती घेत नाहीत. शेजारीपाजारी काय म्हणतील, हा धाक डॉक्टरांच्या सल्ल्याहून मोठा ठरतो. एकादशीलाही हेच, फक्त तिथे वर साबुदाण्याची खिचडी असते आणि साखर आधी उसळते. ज्यांना रोजा ठेवायचाच आहे त्यांनी रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांनी सांगितले आहे. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर दिसला, तर घड्याळाकडे न पाहता त्याच क्षणी रोजा सोडायचा. आणि उतरलेली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.