परदेशांतील आपल्या माणसाचा वाली

वकील या शब्दाचा पेशवाईंतील अर्थ आजच्या वाचकास मुद्दाम सांगावा लागतो. दिल्लीस हिंगणे होते, तसे निरनिराळ्या दरबारीं पुण्याचे वकील असत. तेथील बातमी लिहून पाठविणें, धन्याचा शब्द तेथें पोंचविणें आणि चाललेल्या मसलतींचा अंदाज घेऊन धन्यास सावध करणें, हें त्यांचें काम. वकिलाचें तोंड दरबाराकडे असे. परमुलुखांत पोटासाठीं गेलेल्या साध्या रयतेकडे पाहणें हें त्याचें मुख्य कर्तव्य मानलें जात नसे. युरोपांतही राजदूत हा राजाचा प्रतिनिधि, आणि व्यापारी व खलाशी यांच्या कामांसाठीं कॉन्सल नांवाचा निराळा अधिकारी, अशी वांटणी दीर्घकाळ चालत आली. आज हीं दोन्ही कामें एकाच वकिलातीच्या छपराखालीं चालतात, म्हणून त्यांतील भेद सहसा ध्यानांत येत नाहीं.

आमच्या लोकांस परदेशीं असा वाली केव्हां व कसा मिळाला, हा इतिहास पाहूं लागलें असतां एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. नुसती कचेरी उघडल्यानें दुर्बळाचें रक्षण होत नाहीं. तेथील अधिकारी कोणाचें मीठ खातो, आणि खुर्ची सोडून तो पीडिताच्या दारापर्यंत जातो कीं नाहीं, यांवर बहुतेक सर्व अवलंबून असतें.

ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी १८३४ सालीं कायद्यानें उठली, आणि त्याच सालीं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठीं हिंदी मजुरांची करारबंद भरती जोरानें सुरू झाली. या करारासच मजुरांच्या बोलींत पुढें 'गिरमिट' हें नांव पडलें. मॉरिशसला मुंबई बंदरांतूनही जहाजें गेलीं, व त्यांतून गेलेल्या कोंकणच्या लोकांचे वंशज आजही तेथें आपणांस मराठी म्हणवितात. १८६० च्या नोव्हेंबरांत 'ट्रूरो' नांवाचें जहाज मद्रासेहून मजूर घेऊन डर्बनला लागलें आणि नाताळांत हिंदी वस्तीचा आरंभ झाला. मुदत भरून मायदेशीं परतलेल्या मजुरांनीं आपलीं गाऱ्हाणीं सांगितलीं तेव्हां चौकशी झाली, आणि १८७२ सालीं नाताळांत 'प्रोटेक्टर', म्हणजे हिंदी मजुरांचा संरक्षक, या नांवाचा अधिकारी नेमण्यांत आला.

नांव मोठें होतें. परंतु हा संरक्षक वसाहत सरकारचा नोकर, आणि त्या सरकारांत मळेवाल्यांचें वजन भारी. शिवाय परवान्यावाचून मळा सोडून बाहेर आढळलेल्या मजुरास पकडण्याची तरतूद कायद्यांतच होती. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच चिठ्ठीवर तक्रारीस जावयाचें, अशी ही रचना झाली. १८९४ च्या सुमारास बाळसुंदरम् नांवाच्या एका तामिळ मजुरास मालकानें इतकें मारलें कीं त्याचे दोन दांत पडले. तो रक्तबंबाळ तोंडानें ज्याच्या दारीं आला, तो हा पगारी संरक्षक नव्हता. नाताळांत वकिलीस उणेपुरे तीन-चार महिने झालेला तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी होता. गांधींनीं मालकास व मागाहून संरक्षकास गांठलें. कराराची बदली करून देण्यास संरक्षक कबूल झाला; परंतु नवा मालक गांधींनींच शोधून आणावा, या अटीवर. संरक्षकाच्या पदाचें त्या काळचें स्वरूप या एका अटींत पूर्णपणें आलें आहे.

१८९५ च्या कायद्यानें नाताळांत आणखी एक जुलूम सुरू झाला. मुदत संपल्यावर पुन्हा करार न करतां जो तेथेंच राहील, त्यानें दरसाल तीन पौंड कर भरावा, असें ठरलें. करारबंद मजुराचा पहिल्या वर्षाचा पगार महिना दहा शिलिंग. म्हणजे हा कर सहा महिन्यांच्या पगाराइतका होता. या प्रश्नाची दाद लावण्यास पुढें आलेल्यांत आमच्या प्रांताचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले प्रमुख होत. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेकौंसिलांत नाताळसाठीं होणारी भरती थांबविण्याचा ठराव आणला. सरकारनें तो मान्य केला व १९११ च्या जुलैपासून ती भरती बंद पडली. १९१२ च्या मार्चांत एकंदर गिरमिटच बंद करावें, असा त्यांचा दुसरा ठराव मात्र २२ विरुद्ध ३३ मतांनीं नापास झाला.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेंत उतरले. ते कोणत्याही सरकारचे वकील नव्हते, आणि मधुमेहानें त्यांचें शरीर पोंखरलें होतें. तथापि त्यांनीं केपटाउन, किंबर्ले, जोहान्सबर्ग आणि डर्बन येथें जाऊन लोकांचें म्हणणें प्रत्यक्ष ऐकलें, आणि मग प्रिटोरियास बोथा व स्मट्स यांच्यापुढें तें मांडलें. तीन पौंडांचा कर उठेल, अशा समजुतीनें ते परतले. पुढें तेथील सरकारनें असें वचन दिल्याचेंच नाकारलें, आणि १९१३ चा सत्याग्रह पेटण्यास तें एक मोठें कारण झालें. गोखल्यांनीं येथून पैसा पाठविला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं मद्रासेच्या भाषणांत उघड सहानुभूति दाखविली. आणि हिंदुस्थान सरकारतर्फे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांस तिकडे पाठविण्यांत आलें. १९१४ सालीं कर उठला. वस्तींत फिरावें, ऐकावें, आणि ऐकलेलें सत्तेच्या कानीं घालावें, हा जो गोखल्यांच्या दौऱ्याचा क्रम, तोच पुढील काळच्या सरकारी प्रतिनिधीच्या कामाचा नमुना होय, असें आम्हांस वाटतें.

१९१७ सालीं, महायुद्ध चालू असतां, गिरमिटाची भरती थांबली, आणि १९२२ सालीं हिंदुस्थानांत देशांतराचा नवा कायदा झाला. अकुशल मजुरांनीं कोणत्या देशांत व कोणत्या अटींवर जावें, हें ठरविण्याचा अधिकार या कायद्यानें हिंदुस्थान सरकारच्या हातीं आला, आणि परदेशांत आपले एजंट ठेवण्याची सोय झाली. त्याप्रमाणें सिलोनांत कँडी येथें व मलायांत क्वालालंपूर येथें एजंटाच्या कचेऱ्या उघडल्या. मळे पाहणें, मजुरांच्या तोंडून मजुरी, धान्य, दवापाणी व घरें यांची हकीकत ऐकणें आणि दरसाल अहवाल धाडणें, हें या एजंटाचें काम. जुन्या संरक्षकाहून त्याचा भेद दोन बाबतींत होता. त्याचा पगार मळेवाल्यांच्या सरकाराकडून येत नव्हता. आणि मजुरांचा पुरवठा थांबविण्याची शक्ति त्याच्या पाठीशीं उभी होती. १९३८ सालीं मजुरीच्या कपातीवरून मलायाकडील साह्यभरती बंद करण्यांत आली, व १९३९ सालीं सिलोनकडे अकुशल मजूर जाण्यास मनाई झाली. एजंट दुबळा असेल, परंतु त्याचा अहवाल अगदींच कागदाचा राहिला नव्हता.

दक्षिण आफ्रिकेंत १९२७ च्या केपटाउन करारानंतर असाच एक एजंट गेला, आणि तो सामान्य माणूस नव्हता. गोखल्यांमागून भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री हे ते पहिले एजंट. त्यांनीं वक्तृत्वाच्या बळावर गोऱ्या समाजाचीं दारें ठोठावलीं, हें सर्वश्रुत आहे. परंतु आमच्या मतें त्यांचें टिकाऊ काम दुसरेंच होय. हिंदी मुलांना वरच्या शिक्षणाची सोय नाहीं हें पाहून त्यांनीं तेथील हिंदी लोकांकडूनच वर्गणी जमविली, आणि १९२९ सालीं डर्बनमध्यें 'शास्त्री कॉलेज' उघडलें गेलें. करारांतील दुसरें कलम मात्र त्यांच्या पायांतील बेडी ठरलें. जे हिंदी लोक कायमचे मायदेशीं परततील त्यांस माणशीं वीस पौंड द्यावयाचे, अशी ती योजना होती. ज्यांच्या घरीं एजंट मित्र म्हणून गेला, त्यांतील कित्येकांचा जन्मच आफ्रिकेंतला. त्यांना त्याच कराराच्या दुसऱ्या पानावर घर सोडण्याचें इनाम लिहिलेलें दिसत होतें. पाठीशीं स्वतंत्र राष्ट्र नसलेल्या प्रतिनिधीस अशा तडजोडी पत्कराव्या लागतात.

यानंतरच्या अंकांत महाराष्ट्राचीं व वऱ्हाड-नागपूरचीं माणसें ठळकपणें दिसतात. १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या कौंसिलांत परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें लोकनायक माधवराव अणे यांच्याकडे आलें. ते बाहेर पडल्यावर १९४३ सालीं तें डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे गेलें, आणि अणे सिलोनांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि झाले. दक्षिण आफ्रिकेंत १९४५ सालीं हायकमिशनर म्हणून वऱ्हाडचे रामराव देशमुख गेले. १९४६ सालीं तेथील सरकारनें हिंदी लोकांच्या जमीनमालकीवर व वस्तीवर बंधनें घालणारा कायदा केला, तेव्हां हिंदुस्थाननें व्यापार तोडला व हायकमिशनरास परत बोलाविलें. राष्ट्राच्या मानाच्या दृष्टीनें हें योग्यच झालें, याबद्दल आम्हांस शंका नाहीं. परंतु या मानाची किंमत कोणी दिली, हेंही इतिहासानें नोंदलें पाहिजे. १९५४ सालीं तेथील उरलीसुरली कचेरीही बंद झाली, आणि संबंध पुन्हा जुळले ते १९९३ सालीं. मधल्या तीन तपांहून अधिक काळांत, वर्णभेदाचें राज्य अत्यंत कडक असतां, मायदेशाचें दार ठोठावावयाचें झाल्यास डर्बनच्या माणसास आपल्याच गांवांत एकही दार नव्हतें.

स्वराज्य आल्यावर एजंटाची वकिलात झाली, निशाण उंच झालें आणि कामाचा व्याप वाढला. सिलोनच्या १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानें मळ्यांतील बहुसंख्य तामिळ मजूर कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहींत. १९६४ सालीं लालबहादूर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांच्यांत करार होऊन ९,७५,००० लोकांपैकीं ५,२५,००० भारतानें व ३,००,००० सिलोननें घ्यावे, उरलेल्यांचें मागाहून पाहावें, असें ठरलें. माणसांची वांटणी आंकड्यांनीं झाली; परंतु प्रत्येक आंकड्यामागें एक अर्ज होता, आणि अर्ज करणारा चहाच्या डोंगरावर राहणारा मजूर होता. जेथें १९२० नंतरच्या काळांत एजंट बसत असे, त्या कँडी शहरांत आजही भारताच्या सहायक उच्चायुक्तांची कचेरी आहे. राजधानी कोलंबो, आणि माणसें डोंगरांत. तेव्हां कचेरी माणसांजवळ असली पाहिजे, ही जुनी समज तिच्या जागेंतच दिसून येते.

आतां मजूर मळ्यांकडून आखातांतील तेलाच्या देशांकडे वळला आहे. १९२२ च्या कायद्याची जागा १९८३ च्या कायद्यानें घेतली, तरी संरक्षक हें पद त्यांतही राहिलें. १९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां एक लाखाहून अधिक भारतीय अमानच्या वाटेनें विमानांनीं मुंबईस आणले गेले. १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वयें परदेशीं अटक झालेल्यास आपल्या वकिलातीस कळविण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. जाधव प्रकरणीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १७ जुलै २०१९ रोजीं पाकिस्ताननें हा करार मोडल्याचा निर्णय दिला. २००९ पासून वकिलातींतून संकटग्रस्तांसाठीं कल्याणनिधि सुरू झाला, आणि २०१५ पासून 'मदद' या नांवानें तक्रार घरबसल्या नोंदविण्याची सोय झाली. दूरच्या शहरांत एखादा दिवस मांडव घालून पासपोर्ट, दाखले व तक्रारी यांचें काम करणारीं वकिलातींचीं शिबिरेंही आतां भरत असतात.

या शिबिरांस पुष्कळ लोक सरकारी सौजन्याचा एक नवा प्रकार समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मळ्यामळ्यांवर फिरणाऱ्या जुन्या एजंटाचाच तो दौरा आहे, आणि त्याची गरजही तीच जुनी आहे. मजुराचा पासपोर्ट मालकानें आपल्या कपाटांत ठेवणें हें कित्येक देशांत कायद्यानें निषिद्ध असूनही घडतें. आठवड्याची सुटी एक, राजधानी दूर, आणि गाडीभाड्यास पैसा नाहीं. अशा माणसास वकिलातीची भव्य इमारत नाताळच्या संरक्षकाच्या कचेरीइतकीच दूर असते. सुशिक्षित व सुस्थित परदेशस्थास एरव्हीही आपलें काम करून घेतां येतें. शिबिर हें मुख्यतः दुसऱ्यासाठीं आहे. म्हणून तें मोठ्या शहराच्या सभागृहांत, समाजांतील प्रतिष्ठितांच्या स्वागतसमारंभाच्या जोडीनें भरलें, तर त्याचा हेतु निम्मा बुडाला असें समजावें. तें कामगारांच्या वसाहतीजवळ, त्यांच्या सुटीच्या दिवशीं आणि त्यांची भाषा जाणणाऱ्या माणसांसह भरलें पाहिजे.

जुन्या संरक्षकाजवळ अधिकार होता, परंतु तो आपला नव्हता. एजंट आपला होता, परंतु त्याच्या पाठीशीं स्वतंत्र राष्ट्र नव्हतें. आजच्या वकिलातीजवळ हीं दोन्ही आहेत. तेव्हां यापुढें उणें पडलें, तर तें तिच्या पायांनाच पडेल. वर्षाअखेर किती पासपोर्ट दिले, हा आंकडा तिनें जरूर छापावा. परंतु त्याशेजारीं दुसराही एक आंकडा असावा. जीं माणसें तिच्या दारापर्यंत येऊं शकत नव्हतीं, त्यांपैकीं कितीजणांपर्यंत ती स्वतः गेली, तो.