खिडकीजवळची जागा

आजचा भाग स्टुडिओतून नाही, नांदगावहून, आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. मधेच गाडीचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या. मुंबई-भुसावळ लाइन घरापासून फार लांब नाहीये, आणि मालगाडीला आपल्या पॉडकास्टचं काही पडलेलं नसतं.

विषय घरगुती आहे. यंदा पाडव्याला मी ठरवलं की आता शिस्तीत राहायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो, तेव्हापासून माझं ऑफिस म्हणजे पलंग. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, चार्जरची वायर दारातून आडवी, वह्या फ्रिजवर, हेडफोन कुठे ते देवाला माहीत. मीटिंगमध्ये मागे वाळत घातलेले टॉवेल दिसतात म्हणून कॅमेरा कायम बंद. तर एक व्यवस्थित टेबल, एक खुर्ची, एक कप्पा, सगळं जागच्या जागी. टेप घेऊन खोली मोजली. दहा बाय बारा. उजेड, वारा आणि वायफाय, तिन्ही नीट मिळतं अशी एकच जागा निघाली, खिडकीजवळची. आणि तिथे आईचं शिलाई मशीन.

आई फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. मी विचारलं, "आई, मशीन जरा आतल्या खोलीत घेतलं तर चालेल का?" ती म्हणाली, "घे की. तुझं पगाराचं काम आहे." संध्याकाळपर्यंत मशीन आत गेलंसुद्धा. मी टेबल ऑर्डर केलं आणि खूश झालो. ते वाक्य डोक्यात अडकलं ते नंतर.

त्या आठवड्यात मी वेगळ्याच भागाची तयारी करत होतो, मुंबईतल्या प्लेगवर. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, ना वारा ना ऊन. सरकारने 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रस्ते रुंद करायचे, कोंदट वस्त्या पाडायच्या आणि कामगारांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, असं त्याचं काम. याच त्या बीआयटी चाळी. एका साथीने माझं ऑफिस घरात आणलं आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका साथीने मुंबईत हजारो खोल्या बांधायला लावल्या, हे वाचून मी जरा थांबलो. मग परळच्या बीआयटी चाळीत कोण कोण राहिलं ते शोधत गेलो आणि अर्थातच बाबासाहेबांपाशी पोचलो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या मोठ्या घटना आपण शाळेत शिकतो. आमच्या भागात तर त्या अंगणातल्याच आहेत. आमच्याच तालुक्यातल्या मनमाडला 1938 च्या फेब्रुवारीत त्यांनी रेल्वे कामगारांच्या परिषदेत भाषण केलं होतं आणि शेजारच्या येवल्यातली 13 ऑक्टोबर 1935 ची धर्मांतराची घोषणा तर सगळ्यांना माहीत असते. पण हा माणूस अभ्यासाला बसायचा कुठे, म्हणजे अक्षरशः कोणत्या जागी, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

आंबेडकर कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आलं आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या खोलीचं वर्णन आहे. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, अभ्यास तिथेच. भांडी, सरपण, धूर. भीमराव झोपायचा तेव्हा डोक्याशी जातं आणि पायाशी शेळी. बरं, आडवं व्हायला जागा किती, तर एका माणसापुरती. म्हणून वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, एक पद्धत काढली. मुलाने संध्याकाळीच लवकर झोपायचं. रात्री दोनपर्यंत वडील जागे. दोनला मुलाला उठवायचं आणि त्याच जागेवर स्वतः पाठ टेकायची. मग भीमराव रॉकेलच्या दिव्याखाली पहाटेपर्यंत वाचणार.

बीटेकला आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टाइम-शेअरिंग होतं. 1961 मध्ये अमेरिकेत एमआयटीत त्याचं पहिलं मोठं प्रात्यक्षिक झालं. कॉम्प्युटर एकच आणि महागडा, वापरणारे अनेक, मग प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून द्यायचा. परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. हे त्याआधी अर्धं शतक लोअर परळमध्ये चालू होतं, फक्त इथे वाटून घ्यायची गोष्ट होती जमीन. आणि ज्याचा वाटा कमी पडत होता ते वडील होते. पेन्शनीतला म्हातारा माणूस रोज रात्री दोनपर्यंत जागत बसायचा. आपण गोष्ट सांगताना मुलाच्या जिद्दीवर थांबतो. मला यावेळी तो जागा बसलेला बाप जास्त दिसला.

दिवसा काय? शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला हेरलं. 1907 मध्ये मॅट्रिक झाला, 750 पैकी 282 मार्क. सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. घरात जागा असती तर तो बागेत गेला असता का, हा प्रश्न मी इथेच सोडून देतो, नाहीतर उगाच गरिबीचं कौतुक व्हायचं.

मग येते ती बीआयटी चाळ. परळच्या एक नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या, 50 आणि 51. एक संसाराची, दुसरी अभ्यासाची. आपल्या भाषेत वर्क-फ्रॉम-होमची पहिली खोली, मधे चाळीचा व्हरांडा. पण 1920 ते 1923 तो लंडनमध्ये होता, तेव्हा मुंबईतला संसार रमाबाई चालवत होत्या, तुटपुंज्या पैशात. अभ्यासाची खोली समोर होती, पण तिचं भाडं, तिचा केर, तिच्यातल्या माणसाची वाट बघणं, हे सगळं अलीकडच्या खोलीतून व्हायचं. लंडनचं 10, किंग हेन्रीज रोड हे घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे. तिकडे दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचं, म्हणजे पुन्हा जागा सार्वजनिकच.

स्वतःच्या मनासारखी जागा मिळाली ती चाळिशीत. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव दिलं. पुस्तकं डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं घर, खाली कुटुंब आणि वर ग्रंथालय. याच घरात 27 मे 1935 ला रमाबाई गेल्या. येवल्याची घोषणा त्यानंतर पाच महिन्यांच्या आत.

येवल्यावरून आठवलं. आमच्याकडून मनमाडमार्गे येवल्याला गेलात तर पैठणी विणणाऱ्यांची घरं बघा. मी लहानपणापासून जातोय, पण नीट बघितलं नव्हतं. घरातली उजेडाची जागा मागाला. माग नंतर आलेला नाही, घर त्याच्याभोवती मांडलेलं असतं. आणि कोपऱ्यात, कमी उजेडात, बऱ्याचदा घरातली बाई कांड्या भरत बसलेली असते. तिच्या कांडीशिवाय धोटा हलत नाही. पैठणी कोणी विणली असं विचारलं की नाव मात्र मागावरच्या माणसाचं सांगतात.

तीच गोष्ट मुंबईची. गिरणगावात एकेका खोलीत पंधरा-वीस कामगार पाळीने झोपायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका आपल्याच दहा बाय दहाच्या घरात वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायच्या. उधारीवर वाणसामान, सावकाराचं व्याज. त्याला धंदा म्हणायला कोणी तयार नव्हतं, मग बँक कर्ज कशाचं देणार? 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना एकत्र केलं आणि बँकेच्या दारात नेलं. कर्जाच्या कागदावर स्वयंपाक हा व्यवसाय म्हणून लिहिला गेला, ही मला गिरणगावच्या इतिहासातली मोठी घटना वाटते. संपावर पुस्तकं ढीगभर आहेत, खानावळीवर फार कमी.

तर टेबल आलं. चार फुटी, पांढरं, यूट्यूबवर असतं तसं. मी खिडकीशी बसून हे सगळं वाचत होतो आणि आत आई ट्यूबलाइटखाली सुईत दोरा ओवत होती. तीनदा चुकला. चौथ्यांदा मला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी तिला तिच्या कामाबद्दल विचारत बसलो. घरात राहून सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. गडद रंगाच्या कापडाला सकाळचाच उजेड लागतो, काळ्यावर काळा टाका ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही. लग्नसराईत रोज आठ-दहा साड्या. हिशोब एका जुन्या वहीत, गिऱ्हाइकाच्या नावापुढे साडीच्या रंगाची चिंधी टाचलेली. मी ती वही उलटून पाहिली. तारीख, रक्कम, येणं बाकी, सगळं जागच्या जागी. माझ्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर त्याच वेळी "फायनल", "फायनल 2" आणि "फायनल खरं" अशा तीन फाइल होत्या.

माझे क्लायंट अमेरिकेत. मीटिंगा संध्याकाळी सहानंतर. सकाळी मला खिडकीची गरज नव्हती, मला फक्त ती हवी होती.

मशीन परत खिडकीशी आणलंय. चार फुटी टेबल परत पाठवताना दोनशे रुपये कापले गेले. शेजारच्या गल्लीतल्या सुताराकडून भिंतीला बिजागऱ्यांची फळी ठोकून घेतली, खाली पाडली की टेबल, वर केली की भिंत. दुपारी दोनपर्यंत खिडकी आईची, नंतर माझी. सुताराने फळी थोडी तिरकी बसवलीय, पेन घरंगळतं. कीबोर्डमध्ये दोऱ्याचे तुकडे निघतात.

आत्ता पावणेदोन झालेत. ती अजून एक पिको संपवतेय, मधे खडखड ऐकू आली असेल ती मशीनची. पंधरा मिनिटं आधी बसलो म्हणून बोलणी खाल्ली आहेत. पुढच्या भागात प्लेग, नक्की.