सांगोल्याहून उमराह : विमानाच्या तिकिटात पैसे कसे वाचवाल?

डाळिंबाचे पैसे आले, भिशी उचलली की अम्मी-अब्बांना उमराहला न्यायची तयारी सुरू होते. त्यात तिकिटाचा खर्च मोठा. फक्त तिकिटाचा आकडा बघून चालत नाही. घरातून निघून परत घरी येईपर्यंतचा एकूण खर्च मांडा, मग खरे स्वस्त काय ते कळते.

कधी जावे?
रमजान, मे महिन्याची सुट्टी आणि डिसेंबर अखेर या काळात भाडे चढते. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर मधले महिने निवडा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखांवरून अंदाज बांधू नका.

कुठून जावे?
सोलापूर विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली, पण जेद्दासाठी मुंबई किंवा हैदराबादच गाठावे लागते. आपण मुंबईचेच भाडे बघतो. सोलापूरहून हैदराबादला थेट रेल्वे आहे आणि तिथून जेद्दाला थेट विमानही आहे. दोन्हीकडचे भाडे बघा. समजा माणशी ३,००० रुपयांचा फरक पडला, तर पाच जणांचे १५,००० होतात. मुंबईला एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे.

थेट की बदलून?
मस्कत, बहारीन किंवा शारजात विमान बदलून जाणारे तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडते. मात्र दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटे घेतली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात. सोबत वयस्कर माणसे असतील तर मधल्या थांब्याचे तास मोजा. जाताना जेद्दा आणि येताना मदिना असे तिकीटही मिळते. त्यात मदिनेहून परत जेद्दाला येण्याचा खर्च आणि दगदग वाचते.

छुपा खर्च
पैसे भरण्याआधी सामानाचे वजन, सीटचे पैसे, जेवण आणि सुविधा शुल्क तपासा. झमझमचा डबा मोफत आणता येतो का, हेही विचारून घ्या. देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोच सामान चालते; जोडून असे तिकीट घेतले असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

एजंटकडून घेताना
विमान कंपनी कोणती, थेट की बदलून, रद्द केल्यास किती पैसे परत, हे सगळे लेखी घ्या. ग्रुपच्या तिकिटाच्या अटी वेगळ्या असतात. पीएनआर मिळाला की विमान कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा.

तिकीट रद्द झाले तर
डीजीसीएच्या नियमानुसार भारतीय विमान कंपनीला मूळ भाडे आणि इंधन अधिभार यापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावेच लागते. ऑफरचे तिकीट असो किंवा विमान चुकलेले असो, हा नियम लागू आहे. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच असते. बरेच जण 'नॉन-रिफंडेबल' शब्द वाचून हे पैसे मागतच नाहीत. मागा, तो तुमचा हक्क आहे.

वाचलेल्या पैशातून अम्मी-अब्बांसाठी हरमच्या जवळची खोली घेता येईल. अल्लाह सर्वांची हाजिरी कबूल करो. आमीन.