सर्व्हर कमकुवत असेल तर प्लेअर कसा निवडायचा? घरातल्या व्हिडिओंचा छोटा इतिहास

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने विचारलं, "घरच्या टीव्हीसाठी कोणती स्टिक घेऊ?" मी उलट विचारलं, "तुझ्याकडे फाइल कोणत्या आहेत?" तो म्हणाला, "व्हिडिओच्या." हे उत्तर म्हणजे "माझा डेटा एक्सेलमध्ये आहे" असं म्हणण्यासारखं झालं. म्हणून आज थोडा इतिहास.

आमचं घर मुरूड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला, तेव्हा आमच्या घराची अर्धी कौलं उडाली आणि कपाटात पाणी शिरलं. त्या कपाटात सीडी-डीव्हीडींचा डबा होता. त्यात आत्याच्या लग्नाची डीव्हीडी. आजोबा बोलताना दिसतात अशी घरातली ती एकमेव नोंद. ती वाचली. वीज यायला मात्र बरेच दिवस लागले. तेव्हा दोन गोष्टी ठरल्या: डब्यातलं सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचं, आणि ते चालवणारा सर्व्हर इन्व्हर्टरवरही टिकेल इतका कमी वीज खाणारा असायचा.

हिशोब सोपा आहे. माझा छोटा बोर्ड साधारण 6 वॅट घेतो. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 4.3 युनिट. 60 वॅटचा जुना डेस्कटॉप तसाच ठेवला तर 43 युनिट. पण 6 वॅटमध्ये ताकदही तेवढीच मिळते, आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

डबा उघडला की एकावर एक थर लागतात, अगदी उत्खननासारखे. सर्वांत खाली व्हीसीडी. हे फॉरमॅट 1993 चं, कोडेक एमपेग-1, चित्र 352 × 288. त्यावर डीव्हीडी. त्या 1996 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा विक्रीला आल्या, कोडेक एमपेग-2, चित्र 720 × 576. त्यानंतर एच.264, ज्याचं प्रमाणक 2003 चं. सर्वांत वर मोबाइलवरचे व्हिडिओ, त्यातले बरेच एचईव्हीसी, म्हणजे 2013 चं प्रमाणक. आयफोनने 2017 पासून ते वापरायला सुरुवात केली. एकाच घरात वीस वर्षांचे चार कोडेक! प्रत्येक नवं कोडेक कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र बसवतं, पण ते उलगडायला जास्त गणित लागतं.

हे गणित कोणी करायचं, हाच या उपकरणांचा इतिहास आहे. 2002 मध्ये काही हौशी प्रोग्रामरांनी एक्सबॉक्स या गेम-यंत्रावर व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तेच पुढे एक्सबीएमसी झालं आणि 2014 मध्ये कोडी. यात सगळं काम टीव्हीजवळचं यंत्र करतं. 2004 चा लिंक्सिसचा एनएसएलयू-2 हा फक्त 32 एमबी मेमरीचा डबा होता. लोकांनी त्याला डिस्क जोडून घरचा सर्व्हर केला. तो व्हिडिओ उलगडू शकत नव्हता, पण फाइल पुढे ढकलायला तेवढी ताकद पुरत होती. मग मोबाइल आणि स्टिक आल्या. 2013 च्या पहिल्या क्रोमकास्टला मोजकीच कोडेक येत. त्यामुळे काम परत सर्व्हरकडे आलं: समोरच्याला झेपेल अशा रूपात व्हिडिओ चालू असतानाच बदलून द्यायचा. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. प्लेक्स, जेलीफिनसारखे सर्व्हर ते आपोआप सुरू करतात.

माझी फजिती इथेच झाली. घेतलेल्या स्टिकवर मोबाइलचे व्हिडिओ छान चालले. लग्नाची डीव्हीडी लावली आणि आजोबा दर दोन सेकंदांनी थिजायला लागले. दोष कोणाचा ते आकड्यांत बघा. ती फाइल सेकंदाला साधारण 6 मेगाबिट, म्हणजे पाऊण मेगाबाइट. एवढं पाठवणं माझ्या बोर्डला काहीच नाही. पण स्टिकला एमपेग-2 येत नव्हतं, म्हणून बोर्ड ट्रान्सकोडिंगला बसला: 720 × 576 × 25, म्हणजे सेकंदाला एक कोटी तीन लाखांहून जास्त पिक्सेल आधी उलगडायचे आणि परत गुंडाळायचे. दम लागणारच.

मित्राने सुचवलं, "सगळं एकदाच एच.264 करून टाक ना, आणि जुन्या फाइल उडव." मोह होतो. पण ते पुन्हा गुंडाळताना काही माहिती कायमची जाते, आणि डीव्हीडीतलं इंटरलेस्ड चित्र चुकीचं बदललं तर हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते कायमचे राहतात. आपण कच्च्या डेटावर असं करू का? सोयीसाठी वेगळी प्रत जरूर करा. मूळ नोंदीला हात नको.

शेवटी टीव्हीमागे रास्पबेरी पाय 4 लावला आणि त्यावर कोडी. 2012 च्या पहिल्या पायवर एमपेग-2 हार्डवेअरने चालवायला वेगळी लायसन्स-की विकत घ्यावी लागे. 2019 च्या पाय 4 मध्ये ती सोय काढूनच टाकली, पण त्याचा प्रोसेसर डीव्हीडी नुसत्या सॉफ्टवेअरने उलगडतो, आणि एचईव्हीसीसाठी हार्डवेअर आहेच. नवं म्हणजे सगळ्याच बाबतीत जास्त, असं नसतं. 2023 च्या पाय 5 मध्ये तर एच.264 चा हार्डवेअर डिकोडरही नाही.

तेव्हा खरेदीआधी हे करा. मीडियाइन्फोने प्रत्येक प्रकारच्या एकेका फाइलचं व्हिडिओ कोडेक, ऑडिओ कोडेक आणि सबटायटलचा प्रकार लिहून काढा. सबटायटल चित्ररूपात असतील तर काही प्लेअरसाठी सर्व्हरला ट्रान्सकोडिंग करावंच लागतं, हे विसरू नका. मग ती यादी प्लेअरच्या तपशिलाशी ताडा. घेतल्यावर सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी फाइल आधी लावा, आणि सर्व्हरच्या डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' दिसतंय का ते बघा.

प्रयोगशाळेतही क्रम हाच: आधी नमुना ओळखा, मग उपकरण मागवा. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, आणि मग उपकरणाला जमावं म्हणून नमुनाच बदलतो.

परवा रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरवर लग्न पूर्ण चाललं. आजी एकदाच बोलली, "आवाज जरा वाढव."