आज्ञारेषेवरील कार्यसूची : साध्या मजकूर फाइलीचा ऐतिहासिक आढावा (१९६९ ते २०२०)

प्रस्तावना :
करावयाच्या कामांची यादी ठेवणे ही माणसाची जुनी सवय आहे. रोजनिशी, टिपणवही व भिंतीवरील दिनदर्शिका ही तिची परिचित साधने होत. संगणकाच्या आगमनानंतर ही यादी फाइलीत आली. टंकलिखित आज्ञा देऊन संगणकाकडून काम करून घेण्याच्या पद्धतीस 'कमांड लाइन' म्हणजेच आज्ञारेषा असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीने कार्यसूची सांभाळण्याचा इतिहास मांडला असून, अशी नोंद दीर्घकाळ कशामुळे टिकते या प्रश्नाचा विचार केला आहे.

युनिक्सची पार्श्वभूमी :
१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. त्या काळी वापरकर्ता टेलिटाइप यंत्रावर आज्ञा टंकित करी व उत्तर कागदावर छापून येई. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून 'पाइप' ही सोय आली व एका आज्ञेचे फलित थेट दुसऱ्या आज्ञेकडे सोपविता येऊ लागले. परिणामी साधा मजकूर हे अनेक साधनांचे समान माध्यम बनले.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'कॅलेंडर' ही आज्ञा उपलब्ध होती. वापरकर्त्याने त्याच नावाच्या फाइलीत तारखेसह कामे लिहावयाची. आज्ञा देताच आजची व उद्याची तारीख असलेल्या ओळी समोर येत. आठवडाअखेरीस 'उद्या'ची व्याप्ती सोमवारपर्यंत मानली जाई. कचेरीच्या कामकाजाचे भान त्या छोट्या आज्ञेतही होते.

२००० नंतरचा विकास :
२००१ मध्ये डेव्हिड ॲलन यांच्या 'गेटिंग थिंग्ज डन' या ग्रंथाने कार्यनियोजनाच्या चर्चेस चालना दिली. २००३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी 'ऑर्ग-मोड' तयार केले. २००६ मध्ये जीना ट्रपानी यांची 'टूडू टीएक्सटी' ही पद्धत पुढे आली, तर २००८ मध्ये पॉल बेकिंगहॅम यांचे 'टास्कवॉरियर' आले. ट्रपानी यांच्या पद्धतीचा नियम सोपा आहे : एक ओळ म्हणजे एक काम. ओळीच्या आरंभी कंसातील अक्षर अग्रक्रम दाखविते, अधिक चिन्ह प्रकल्प दर्शविते आणि पूर्ण झालेल्या कामापुढे 'एक्स' लिहिला जातो.

टिकाऊपणाचा प्रश्न :
याच काळात आकर्षक कार्यसूची सेवाही लोकप्रिय झाल्या. त्यांपैकी 'ॲस्ट्रिड' २०१३ मध्ये याहूने विकत घेतली व त्याच वर्षी ती बंद झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलेली 'वंडरलिस्ट' ६ मे २०२० रोजी बंद करण्यात आली. सेवा संपली की तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदी अन्यत्र हलविणे भाग पडते. साधी फाइल मात्र कोणत्याही संपादकात उघडते.

तथापि साधेपणा पुरेसा नाही, हे मराठी भाषकांनी अनुभवले आहे. विशिष्ट फॉन्टमध्ये टंकित केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलत असे. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला आणि १९९२ मध्ये थॉम्पसन व रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही संकेतनपद्धती रचली. त्यामुळे मराठी कार्यसूचीही खऱ्या अर्थाने साध्या मजकुरात ठेवणे शक्य झाले.

आज्ञारेषेच्या मर्यादाही नाकारता येत नाहीत. आज्ञा पाठ कराव्या लागतात, तसेच अनेकांनी एकाच वेळी एक फाइल बदलल्यास गोंधळ उद्भवतो.

निष्कर्ष :
नोंदीचे आयुष्य साधनाच्या झगमगाटावर ठरत नाही. तिचे स्वरूप किती खुले व सर्वमान्य आहे यावर ते ठरते. विभागाचे इतिवृत्त, परीक्षेचे वेळापत्रक वा संशोधनाची टिपणे संगणकावर ठेवताना महाविद्यालयांनीही हा निकष लावणे हितावह ठरेल. आजची कार्यसूची हीच उद्याच्या इतिहासकाराची साधनसामग्री असते.