कोळंबीवरील अँटी-डम्पिंग शुल्क: कोणाचे उठले, कोणाचे राहिले

स्वदेशातील दरापेक्षा कमी दराने परदेशात माल विकणे म्हणजे ‘डम्पिंग’. त्यामुळे स्थानिक उद्योगाची हानी झाल्याचे सिद्ध झाल्यास आयात करणारा देश जादा शुल्क आकारू शकतो. जालन्यासारख्या पोलादनगरीत हा शब्द पोलादाच्या आयातीसंदर्भात कानी पडतो. किनारपट्टीवर मात्र तो गोठवलेल्या कोळंबीशी जोडला गेला आहे.

अमेरिकेने फेब्रुवारी २००५ मध्ये भारतासह सहा देशांच्या कोळंबीवर हे शुल्क लावले. बहुतेक भारतीय निर्यातदारांसाठी प्रारंभीचा दर १०.१७ टक्के होता. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीमुळे भारत व थायलंडबाबत फेरविचार झाला. पण नोव्हेंबर २००५ मध्ये शुल्क कायम ठेवण्यात आले.

इक्वेडोरने निराळा मार्ग धरला. फरकाची सरासरी काढताना अमेरिका महाग विक्रीतील फरक शून्य धरी, त्यामुळे डम्पिंग फुगून दिसे. या ‘झीरोइंग’विरुद्ध इक्वेडोर जागतिक व्यापार संघटनेत गेला व जिंकला. फेरगणनेनंतर २००७ मध्ये त्याच्यावरील शुल्क उठले. ब्राझीलवरील शुल्क २०१७ च्या आढाव्यात गेले.

दर उतरणे आणि आदेश उठणे यांत गल्लत होते. दर वार्षिक फेरतपासणीत बदलतो. आदेशाचे भवितव्य साधारण पाच वर्षांनी होणाऱ्या ‘सनसेट’ आढाव्यात ठरते. शुल्क काढल्यास डम्पिंग व हानी सुरू राहील किंवा पुन्हा होईल का, हा तेथील प्रश्न. भारताबाबत २०११, २०१७ व २०२३ मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी आले.