वारली चित्राला चित्रकार असतो

वारली चित्रकलेचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येते: ही समूहाची कला, हिच्यात 'मी' नसतो. जोडीला असेही सांगतात की मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रगुहांपासून ती जशीच्या तशी चालत आली आहे. हे बोलणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, पण मत चुकीचे आहे. त्याने वारली समाजाची शान वाढत नाही, त्यातल्या चित्रकारांची नावे तेवढी पुसली जातात.

प्राचीनतेचा दावा फार वेळ टिकत नाही. गुहेतल्या आणि कुडाच्या भिंतीवरच्या आकृत्या एकमेकींसारख्या दिसतात, एवढाच त्याचा आधार. पण गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र पुढच्या सारवणाखाली जाते. मधल्या शतकांतली चित्रेच हाती नाहीत, तर ती बदलली नाहीत असे कशावरून म्हणायचे?

समूहाचा मुद्दा अधिक वजनाचा आहे. लग्नाचा चौक सुवासिनींनी काढायचा, चौकात पालघट देवी बसवायची, धवलेरीने म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने गाणी म्हणायची, हे सगळे समाजाने ठरवलेले. यात व्यक्ती कुठे, असा पूर्वपक्ष. त्याला उत्तर जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या कामात आहे. चौक काढणे हे बायकांचे काम असताना डहाणू तालुक्यातला हा माणूस विधी नसतानाही चित्रे काढू लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी त्या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच हे कुलकर्णी. म्हसे यांच्या हातीही कागद आला आणि चौकाबाहेरचे सगळे जगच चित्रात शिरले.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. जवळजवळ सगळा कागद जाळ्यानेच व्यापलेला, त्यापुढे माणसे इवलीशी. एकेक बारीक रेघ हाताने ओढलेली, पट्टीची सफाई कुठेच नाही. कुठे वीण दाटते, कुठे सुटते, आणि त्या फरकानेच जाळे हलते आहे असे वाटते. हे चित्र लग्नाच्या चौकातून उचललेले नाही. पांढऱ्या पिठाची रेघ आणि त्रिकोणी माणूस समाजाचा, ही रचना मात्र एका माणसाच्या नजरेची. पॅरिसच्या १९८९ च्या 'मॅजिशियन्स द ला तेर' प्रदर्शनात ते सहभागी झाले ते स्वतःच्या नावाने, आणि २०११ ची पद्मश्रीही त्यांच्याच नावाची.

कागदावर आली तेव्हाच ही कला बाजारू झाली, असाही आक्षेप आहे. पोटासाठी चित्र विकणाऱ्या शहरी चित्रकाराला आपण हा प्रश्न विचारत नाही. वारली माणसालाच तेवढे निर्लोभी राहण्याची सक्ती का?

एक तक्रार मात्र खरी आहे. कागद आला आणि नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे. ज्या बायकांकडून ही रेघ आली त्या मागे राहिल्या. याचे मला मनापासून वाईट वाटते. पण 'समूहाची कला' म्हटल्याने त्यांना न्याय मिळत नाही, उलट त्यांची नावे विचारण्याची गरजच उरत नाही. चौक कोणाचा हात काढतो हे त्या घराला ठाऊक असते. ती चित्रकर्ती अनामिक असते फक्त बाहेरून पाहणाऱ्यासाठी.

साडीवर, कपांवर, सरकारी भिंतींवर वारली आकृत्या बिनदिक्कत वापरल्या जातात, त्यामागे ही कला कोणा एकाची नाही हीच समजूत आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते चांगलेच झाले. पण ते समूहाच्या नावाचे रक्षण करते, एखाद्या चित्राच्या कर्त्याचे नव्हे. त्यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे म्हसे यांच्या चित्रांवरचा २०७८ अखेरपर्यंत. भिंत रंगवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे किंवा चित्रकर्तीचे नाव आणि पाडा लिहायला हवा, आणि मोबदल्याची पावतीही त्याच नावाने फाडायला हवी.